माणसं 17च, तास 24 कमी : हॉटेलच्या ड्यूटी चार्टचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात गोकुळपेठ बाजाराजवळ तुमचं शाकाहारी हॉटेल आहे, सकाळी 7 ते रात्री 11. वाढण्याच्या कामावर 20 कायम माणसं आहेत. पाळ्या दोन, 7 ते 3 आणि 3 ते 11. सकाळी 8 जण, संध्याकाळी 9. दुपारी चारला निम्मी माणसं रिकामी बसलेली दिसतात, रात्री आठला मात्र तुम्हाला स्वतः पाण्याचे ग्लास उचलावे लागतात, आणि महिनाअखेर ओव्हरटाइम वेगळा द्यावा लागतो. तुम्ही विचारलंत, 20 मधली किती माणसं कमी करू?

माझं काम गेली अनेक वर्षं ड्यूटी चार्ट बांधण्याचंच आहे. आधी हिंगण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो, मग दवाखाने, आता बहुतेक हॉटेलं. तुम्हाला पहिली विनंती ही की संख्येपासून सुरुवात करू नका. तुमचा पैसा जास्त माणसांत जात नाही, पाळीच्या आकारात जातोय. गर्दीचा आकार एक आणि पाळीचा दुसरा, त्या दोघांमधल्या फटीत रोजचे 36 तास वाहून जातात. कसे, ते खाली दाखवतो.

गर्दी मोजताना जवळपास सगळे एकच चूक करतात. बिलाच्या वेळा काढतात आणि त्यावरून तासागणिक आलेख मांडतात. पण बिल छापलं जातं ते गिऱ्हाईक उठताना. वेटरचं काम त्याच्या पाऊणएक तास आधी सुरू झालेलं असतं. थाळी जेवणाऱ्या कुटुंबाचं बिल 9.20 चं असलं तरी टेबल 8.30 ला अडलेलं असतं. म्हणून केओटीच्या, म्हणजे स्वयंपाकघरात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, वेळा घ्या. तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या असतातच, कुणी काढून पाहत नाही एवढंच. दुसरं, सगळ्या केओटी सारख्या धरू नका. सकाळी तर्री पोहे खाणारा दहा मिनिटांत, बहुतेक उभ्यानंच, खाऊन मोकळा होतो. एक माणूस काउंटरवर असे पंचवीस-तीस जण सहज सांभाळतो. रात्रीचं सहा जणांचं टेबल त्याच माणसाला तासभर सोडत नाही. आणि सरासरीवर जाऊ नका. सरासरीवर चार्ट बांधला तर निम्मे दिवस माणूस कमीच पडणार. मी दहा सारखे वार घेतो, म्हणजे दहा शुक्रवार, आणि त्यातला तिसऱ्या क्रमांकाचा जड दिवस धरतो. तसंच, माणूस शंभर टक्के गुंतलेला धरू नका. पंच्याऐंशी टक्क्यांपर्यंत काम नीट चालतं. पंचाण्णवच्या पुढे एका टेबलाचा उशीर पुढच्या चार टेबलांवर चढतो. टेलिफोनच्या तारांवरची गर्दी मोजताना डेन्मार्कच्या एरलांगनं 1909 मध्ये ज्या गणिताची सुरुवात केली, त्याच गणितानं हे दाखवता येतं, पण तुम्ही रात्री साडेआठला ते रोज डोळ्यांनी पाहताच.

तुम्ही पाठवलेल्या केओटीवरून मी शुक्रवारची गरज काढली. दोन-दोन तासांचे आठ तुकडे केले. 7 ते 9 ला 5 माणसं, 9 ते 11 ला 7, 11 ते 1 ला 6, 1 ते 3 ला 8, 3 ते 5 ला 3, 5 ते 7 ला 4, 7 ते 9 ला 9 आणि 9 ते 11 ला 8. बेरीज 50, प्रत्येक तुकडा दोन तासांचा, म्हणजे खरी गरज 100 माणूस-तासांची. तुम्ही देता 8 आणि 9 मिळून 17 माणसांचे, प्रत्येकी 8, म्हणजे 136. हेच ते 36.

आता हे गणित काही नवं नाही. 1954 मध्ये न्यूयॉर्कच्या पूल-बोगद्यांवरच्या टोलनाक्यांसाठी लेस्ली एडी यांनी गाड्यांची गर्दी आणि खिडक्यांवरची माणसं यांचा मेळ घातला. त्यावर त्याच वर्षी जॉर्ज डँट्झिग यांनी छोटं टिपण लिहून सांगितलं की हे सरळ रेषीय गणित (लिनिअर प्रोग्रॅमिंग) म्हणून मांडता येतं. प्रत्येक शक्य ड्यूटीला एक संख्या द्यायची, त्या ड्यूटीवर किती माणसं. प्रत्येक तुकड्याला एक अट, तिथे हजर असलेल्यांची बेरीज गरजेपेक्षा कमी नको. आणि एकूण पगार कमीत कमी. आजही एवढंच करायचं असतं. असं गणित सोडवणारा सॉल्व्हर एक्सेलमध्ये आहे, लिब्रेऑफिसमध्ये फुकट आहे. आडव्या ओळीत ड्यूट्या, उभ्या रकान्यात तुकडे, ड्यूटी त्या तुकड्यात असेल तर 1 नाहीतर 0. प्रत्येक रकान्याखाली ‘समप्रॉडक्ट’ (गुणाकारांची बेरीज) घाला, पद्धत ‘सिम्प्लेक्स एलपी’ निवडा, माणसांची संख्या असलेल्या सेलना ‘इंट’ची (पूर्णांकाची) अट लावा. ड्यूटी सलग असेल तर उत्तर गणिताच्या रचनेमुळेच पूर्णांकात निघतं. साप्ताहिक सुट्टीचं चक्र मात्र रविवारातून सोमवारात शिरतं, तिथे साडेतीन माणसं असं उत्तर येऊ शकतं, म्हणून ती अट सोडू नका.

पहिल्यांदा मी फक्त सुरुवातीच्या वेळा मोकळ्या केल्या. 7, 9, 11, 1 आणि 3 यातल्या कुठल्याही वेळी सुरू होणारी आठ तासांची ड्यूटी चालेल असं सांगितलं. उत्तर आलं 16. सतराचे सोळा, बस. आणि याहून खाली जाणं शक्यच नाही. सकाळी 9 ते 11 ला 7 माणसं हवीत, रात्री 7 ते 9 ला 9 हवीत, आणि या दोन्ही वेळा झाकणारी आठ तासांची सलग ड्यूटी अस्तित्वातच नाही. 7 अधिक 9, सोळा. सॉल्व्हर कितीही फिरवा. इथे बरेच मालक वैतागतात आणि ‘मग प्रत्येक पाळीतला एक-एक कमी करतो’ म्हणतात. तसं कराल तर रात्रीचं गिऱ्हाईक जाईल.

मग रात्री 7 ते 11 अशी चार तासांची अर्धवेळ ड्यूटी घातली. उत्तर झालं 11 पूर्णवेळ आणि 5 अर्धवेळ, एकूण 108 तास. 136 वरून 108. कागदावर अतिशय देखणं. असाच एक चार्ट मी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका हॉटेलात लावला होता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीतला जुना वेटर माझ्याजवळ आला, हातात फडकं तसंच, आणि म्हणाला, “साहेब, आमी जेवाचं कवा जी?” मी चार्ट काढून त्याच्यासमोर बसलो. खरंच जागा नव्हती. प्रत्येक तुकड्यात गरजेइतकीच माणसं, एक उठला की तिथे खड्डा. ती माणसं तीन दिवस भिंतीकडे तोंड करून, दोन मिनिटांत, उभ्यानं जेवत होती. त्या दिवसापासून जेवणाची सुट्टी ही माझ्या चार्टमध्ये पहिली अट असते.

तुमच्या 108 तासांच्या उत्तरातही तेच होतं. सकाळी सातला आलेल्या पाच जणांना बारापर्यंत जेवायला बसवायलाच हवं, पाच तासांहून जास्त सलग काम नको. आणि 11 ते 1 मध्ये एकच माणूस जास्तीचा निघत होता. म्हणजे 11, 11.30 आणि 12 असे तीनच जण जेवू शकतात, उरलेले दोघे उपाशी. म्हणून 1 वाजता येणारा एक पूर्णवेळ माणूस 11 वर आणला आणि अर्धवेळची एक जागा वाढवली. चार्ट असा झाला : 7 ते 3 ला 5, 9 ते 5 ला 2, 11 ते 7 ला 1, 3 ते 11 ला 3, आणि अर्धवेळ 7 ते 11 ला 5 व 5 ते 9 ला 1. आता 11 ते 1 मध्ये 8 हजर, गरज 6ची, दोघं-दोघं जेवायला जाऊ शकतात. सकाळचे पाचही 12 पर्यंत बसतात, 9 वाल्यांचे दोघे 12.30 ला. पाच ते नऊचा एकटा माणूस का, असं वाटेल. तो आल्यामुळेच 3 ला आलेले तिघे 5.30, 6 आणि 6.30 ला आळीपाळीनं खाऊ शकतात. एकूण 112 तास.

मोजून पाहा, दिवसाला हजर माणसं 17च आहेत. तुम्ही आज ठेवता तेवढीच. तास मात्र 24 कमी. महिन्याला 15,600 पगार धरला तर 26 नं भागून दिवसाचे 600, तासाचे 75. (आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा टाका.) जुना खर्च रोज 10,200. नव्यात पूर्णवेळचे 88 तास 75 नं आणि अर्धवेळचे 24 तास 85 नं, मिळून 8,640. रोज 1,560, महिन्याला 47 हजारांच्या आसपास. अर्धवेळवाल्याला तासाला 10 जास्त मी मुद्दाम धरलेत. चार तासांसाठी माणूस तेवढंच पेट्रोल जाळतो, तो दर कमी ठेवलात तर दोन महिन्यांत जागा रिकामी होते. तासाचा दर किमान वेतनाच्या तासाच्या दराखाली जाता कामा नये, महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि अर्धवेळ आहे म्हणून ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफ चुकत नाही.

‘तुटक ड्यूटी’ हा अजून स्वस्त उपाय आहे, मला माहीत आहे. 11 ते 3 आणि पुन्हा 7 ते 11, तोच माणूस. सॉल्व्हरला ती दाखवली की तो तीच उचलतो. मी ती घालत नाही. दिवसाचा एकूण पसारा, म्हणजे कामावर आल्यापासून शेवटी सुटेपर्यंतचा वेळ, बारा तासांचा होतो, त्यावर कायद्याची मर्यादा आहे, हा एक भाग. पण मे महिन्यात दुपारी तीनला, पारा 45 च्या घरात असताना, पारडीला राहणारा माणूस चार तासांसाठी कुठे जाणार? घरी जाऊन यायला वेळ आणि पेट्रोल नाही, तो तुमच्याच मागच्या खोलीत पोत्यांवर पडून राहतो. त्याचे ते चार तास तुम्ही फुकट घेतलेले असतात. कुणी हाकेच्या अंतरावर राहतो आणि स्वतःहून मागतो, तर त्यालाच द्या.

आता ओव्हरटाइम. तो नेहमी वाईटच असतो असं नाही. कायद्यानं दर दुप्पट, म्हणजे 75 चे 150, त्यावर ईएसआयचा तुमचा 3.25 टक्के वाटा, साधारण 155. नव्या कायम माणसाचा तास 75 ला पडत नाही. पीएफचे प्रशासकीय खर्च धरून 13 टक्के, ईएसआय 3.25, बोनस किमान 8.33, ग्रॅच्युइटी 4.81, झाले 97. वर पगारी रजा आणि सणाच्या सुट्ट्या, ज्या दिवशी तो येत नाही पण पगार असतो. त्या पकडून 107 च्या आसपास. 107 भागिले 155, म्हणजे सुमारे 0.69. याचा अर्थ असा की नवीन माणसाचे 70 टक्क्यांहून जास्त तास खरोखर कामाचे जाणार असतील तरच त्याला घ्या. त्याहून कमी असतील, आठवड्यातले दोन-चार तासच अडत असतील, तर दुप्पट दर देऊनही ओव्हरटाइम स्वस्त. तुमच्याकडे उलटं चाललंय, रोज रात्री ठरलेल्या वेळी ओव्हरटाइम लागतो. जो ओव्हरटाइम रोज त्याच वेळी लागतो ती रिकामी जागा असते, ओव्हरटाइम नव्हे. (48 तासांचा आठवडा आणि दुप्पट दर यांत संदिग्धता नाही. दिवसाचे तास, विश्रांती आणि पसारा यांच्या नियमांत अलीकडे बदल होत आहेत, चार्ट लावण्याआधी तुमच्या लेबर सल्लागाराकडून चालू आकडे लिहून घ्या.)

साप्ताहिक सुट्टीचं गणित त्याहून सोपं आहे आणि तिथेच जास्त माणसं अडकलेली असतात. पूर्णवेळ माणसांची तुमची गरज (शुक्रवार मोजलेला, बाकीचे वार सध्या अंदाजानं) सोमवारी 9, मंगळवारी 9, बुधवारी 10, गुरुवारी 9, शुक्रवारी 11, शनिवारी आणि रविवारी 13-13. बेरीज 74. प्रत्येक माणूस सहा दिवस येतो, 74 भागिले 6, वरचा पूर्णांक 13. सगळ्यात जड दिवसही 13. या दोहोंत जो मोठा तो आकडा, म्हणजे 13 माणसं पुरतात. सुट्ट्या सोमवारी 4, मंगळवारी 4, बुधवारी 3, गुरुवारी 4, शुक्रवारी 2 अशा 17 देता येतात, लागतात 13. चार उरतात, त्या रजेसाठी.

पण चार पुरत नाहीत. दुकाने-आस्थापना कायद्याखाली 8 किरकोळ रजा, 8 सणाच्या सुट्ट्या, वर्षभर काम केलेल्याला दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा, म्हणजे चौदाएक. वर नागे धरा आठ. माणशी 38 दिवस, 13 जणांचे 494, आठवड्याला साडेनऊ. उरलेल्या चारांत चौदाव्या माणसाचे सहा मिळवले की दहा होतात. म्हणून 14. हा चौदावा माणूस ‘रिलीव्हर’, म्हणजे सुट्टीवरच्यांच्या जागी येणारा, आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या, आणि त्याला जरा जास्त पगार द्या, कारण त्याला सगळ्या वेळा कराव्या लागतात.

या चार्टमध्ये रविवार कुणालाच मिळत नाही. गणिताला ते चालतं, मला चालत नाही. ज्याची मुलं शाळेत आहेत त्याला वर्षभर एकही रविवार नाही, तो माणूस कधी ना कधी रविवारी नागा करणारच, आणि तो तुम्हाला सकाळी साडेसहाला फोनवर कळणार. त्यापेक्षा दर रविवारी दोघांना ठरवून सुट्टी द्या आणि त्यांच्या जागी चार तासांच्या चार अर्धवेळ ड्यूट्या वाढवा. दर सातव्या आठवड्याला प्रत्येकाचा रविवार येतो. तासाला 10 प्रमाणे 16 तासांचे 160 रुपये जास्तीचे जातात. नाग्याच्या एका रविवारी यापेक्षा कितीतरी जास्त गमावता.

हिंगण्याला असताना हा धडा मला महागात पडला होता. पहिल्या पाळीची वेळ मी 7 वरून 6 वर आणली होती, कागदावर फार सुरेख बसत होती. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अकरा माणसं गैरहजर. काटोलकडून येणाऱ्यांची गाडी सहाच्या आधी पोहोचतच नव्हती. मी त्यांना विचारलंच नव्हतं. म्हणून आता प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठे राहतो आणि कशानं येतो, हे मी गर्दीच्या आकड्यांच्या आधी लिहून घेतो. तुमच्याकडे रात्री 11 ला सुटणाऱ्याला मेट्रो मिळत नाही. कामठी, वाडी, दिघोरीच्या माणसांकडे गाडी नसेल तर त्यांना 7 ते 3 किंवा 9 ते 5 द्या, आणि रात्रीच्या आठ जागांवर जवळच्या वस्तीतली माणसं आणि हॉस्टेलची मुलं. रात्री 11 ला सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी 7 च्या ड्यूटीवर कधीही नको, ही अट सॉल्व्हरमध्येच घाला. तोंडी ठरवलेली अट गर्दीच्या आठवड्यात सगळ्यात आधी मोडते.

अर्धवेळसाठी सहा जागा असल्या तरी नावं नऊ-दहा ठेवा. विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी परीक्षा आल्या की निम्मी मुलं एकदम जातात, आणि तशी ती जायलाच हवीत.

एकच चार्ट वर्षभर चालणार नाही. नागपुरात उन्हाळ्यात दुपार ओस पडते आणि रात्रीची गर्दी नऊनंतर सरकते. एप्रिल ते जूनचा चार्ट वेगळा बनवा, 1 ते 3 ची माणसं काढून शेवटच्या तुकड्यात घाला. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा बाहेरगावची माणसं शहरभर असतात, दुपारची जेवणं वाढतात. आणि विजयादशमीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. तुम्ही तिथून फार लांब नाही. ते दोन-तीन दिवस या कुठल्याही आकड्यांत बसवू नका. त्यांची वेगळी यादी करा, सगळ्यांना महिनाभर आधी सांगा, बदली सुट्टीची तारीख त्याच वेळी लिहून द्या. त्या दिवशी तुमच्याच माणसांपैकी कितीतरी जणांना स्वतःला दीक्षाभूमीला जायचं असतं, आधी त्यांची नावं काढा आणि मग उरलेल्यांवर चार्ट रचा.

आता तुमचे 20. चौदा लागतात म्हणून सहा जणांना उद्या घरी पाठवू नका. या धंद्यात माणसं सारखी सोडून जातात, तुमच्याकडे वर्षभरात किती गेली ते हजेरी बुकात बघा. सुटणारी जागा पूर्णवेळ न भरता अर्धवेळ भरत जा. तोवर जास्तीची माणसं रिलीव्हर म्हणून वापरा, साचलेल्या रजा देऊन टाका. नवीन चार्टची पहिली बातमी ‘सहा जण गेले’ अशी असेल, तर उरलेले चौदा त्या चार्टला कधीच आपला म्हणणार नाहीत, आणि चांगले दोघे-तिघे दिवाळीआधीच दुसरीकडे लागतील.

पुढच्या सोमवारपासून एवढंच करा. गेल्या दहा आठवड्यांच्या केओटीच्या वेळा काढा, मी फक्त शुक्रवार पाहिलाय, बाकीचे सहा वार तुम्हाला तसेच मांडायचे आहेत. माणसांची राहण्याची ठिकाणं लिहा. चार्ट दोन आठवडे आधी हात धुवायच्या जागेजवळ लावा, कॅप्टनच्या (वेटरांच्या प्रमुखाच्या) खिशात नको. शेजारी अदलाबदलीची वही टांगा. दोघांनी आपसात ड्यूटी बदलली आणि दोघांच्या सह्या असल्या तर कॅप्टननं फक्त तीन गोष्टी बघायच्या : आठवड्याचे 48 तास ओलांडत नाहीत ना, रात्री 11 नंतर सकाळी 7 येत नाही ना, आणि त्या दिवशीचा जेवणाचा नंबर कुणाचा कुठे गेला.